आधी विचारून

आंघोळीचं पाणी मावशी आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन बघतात. मला कमरेखाली गरम-गार कळत नाही. पाणी कढत असलं तर फोड आल्यावरच समजणार. मग त्या म्हणतात, "ताई, डाव्या पायावर घालते हं," आणि मी हो म्हटल्यावरच तांब्या कलतो. माझ्या लेखी चांगली काळजी इथून सुरू होते.

खंबाटकी घाटातल्या अपघातात माझा मणका गेला. इस्पितळातून सुटल्यावर घरच्यांनी मला शहरातल्या एका वसतिगृहात ठेवलं. जागा स्वच्छ होती, रॅम्प होते, जेवण वेळेवर यायचं. पण सगळ्यांच्या आंघोळी पहाटेच, रात्रपाळी सुटायच्या आत उरकायच्या. दोघी जणी यायच्या, मला उचलायच्या, आणि माझ्या उघड्या अंगावरून त्यांच्या गप्पा चालू राहायच्या. पाळीच्या दिवसांत एकदा पुरुष कर्मचारी मदतीला आला, मी नको म्हटलं, तर 'हट्टी' असा शेरा पडला. दर दोन तासांनी कूस बदलायची असते. तशा सह्या तक्त्यावर रोज होत होत्या, आणि माकडहाडापाशी जखम मात्र वाढत होती.

ती भरायला फार दिवस लागले. पालथं पडून नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचलं ते तेव्हाच. स्वतः खुर्चीत बसणाऱ्या या बाईंनी १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' सुरू केली, पुढे उचगावला 'घरौंदा' वसतिगृह उभं राहिलं. म्हणून संस्था वाईटच, असं मी कधी म्हणत नाही. तिथे राहणारीचं कोण ऐकतं, एवढंच मी आता आधी विचारते.

खंडाळ्यात भावाच्या घराला लागून तळमजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. दार वेगळं, कडी आतून, माझ्या हाताला येईल अशी. शिरवळच्या कारखान्यांची हिशेबाची कामं घरूनच करते. सुरुवातीला ब्युरोतून बायका यायच्या. एक रुळली की दुसरी. प्रत्येकीपुढे नव्याने अंग उघडं करायचं, नव्याने सगळं सांगायचं. त्या बायकांचा दोष नव्हता, त्यांनाही आज इथे, उद्या तिथे पाठवलं जायचं.

मावशी नायगावच्या, सावित्रीबाई फुल्यांच्या गावच्या. आधी शेतावर रोजाने जायच्या, कॅथेटर कधी पाहिलेला नव्हता. सगळं मीच शिकवलं. नळी दर चार-सहा तासांनी मी स्वतः घालते, त्या आरसा धरतात. खुर्चीत बसवताना उचलायचं नाही, फळीवरून सरकवायचं, नाहीतर त्यांची पाठ जाईल. रात्री टाचा आणि माकडहाड बघायचं, लाल डाग बोटाने दाबूनही पांढरा पडला नाही तर दुसऱ्या दिवशी बसणं बंद. एवढं त्या भराभर शिकल्या. अवघड गेलं ते थांबणं. ब्लाउजची बटणं मी लावते, वेळ लागतो, आणि मायेपोटीच त्यांचा हात पुढे यायचा. आता त्या खिडकीपाशी उभ्या राहतात, कालवण काय करायचं ते विचारतात, आणि माझं शेवटचं बटण लागेपर्यंत वळत नाहीत. माझ्या दिवसातला हा सगळ्यात मोठा आधार आहे.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधलं कलम ५ मी पाठ केलंय. समाजात राहण्याचा आम्हाला हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती नाही, आणि घरी राहण्यासाठी लागणाऱ्या व्यक्तिगत मदतीचाही त्यात उल्लेख आहे, वय आणि स्त्री-पुरुष हा फरक ध्यानात घेऊन. काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. पण मावशींचा पगार माझ्या कमाईतूनच जातो. तो वेळेवर देते, आठवड्याची सुट्टी देते. दमलेल्या, धास्तावलेल्या हातांनी कुणाची काळजी नीट होत नाही, हे वसतिगृहातल्या त्या दोघींकडे आज मागे वळून पाहताना जास्त कळतं. त्यांच्या वाट्याला किती जणी होत्या!

मावशींच्या सुट्टीला वहिनी येते. पण वहिनीने माझी वहिनीच राहावं, असं मला मनापासून वाटतं.

स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्याच निधीतून तालुक्यातल्या काही बायकांना हे काम शिकवावं, असा अर्ज मी नगरपंचायतीकडे दिलाय. काय शिकवायचं याची यादी मी आणि मावशींनी मिळून केली. कोपर पहिलं लिहावं असं मी म्हणत होते. मावशी म्हणाल्या, "आधी विचारायचं, ते वर लिवा." तसंच लिहिलं.