होडी, तिथी आणि खाडीचा उजेड

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण ही नावे आज लोकलच्या गर्दीशी जोडली गेली आहेत. परंतु ही तिन्ही गावे मुळात पाण्याकाठची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणची पेठ नोंदलेली आहे, आणि कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. श्रीपालकथेत धवलशेठने समुद्रात लोटलेला श्रीपाल कोकणच्या ज्या किनाऱ्याला लागतो, तो ठाण्याचा. टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरामुळे ती कथा या शहराच्या नित्य स्मरणात आहे. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर याच खाडीत दुर्गाडीजवळ शिवाजी महाराजांच्या आरमाराची उभारणी सुरू झाली. या सर्व वैभवाचे एकही छायाचित्र नाही. 1854 मध्ये आगगाडी कल्याणला पोहोचली, त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कॅमेरा आला तेव्हा माल रुळांवर चढू लागला होता.

म्हणून आज खाडीत ज्या होड्या उरल्या आहेत, त्यांची चित्रे तरी नीट घेतली जावीत. तशी ती घेतली जात नाहीत. घरोघरच्या मोबाइलमध्ये सापडते ते एकच चित्र: तांबडा सूर्य आणि त्यापुढे काळी होडी. दिसायला सुंदर, पण ती होडी कल्याणची की केरळची, लाकडी की फायबरची, हे त्यावरून कोणी सांगू शकणार नाही.

याचे कारण कॅमेऱ्यात नाही, नकाशात आहे. कल्याण आणि डोंबिवलीला उल्हासची खाडी शहराच्या पश्चिमेकडून जाते. दुर्गाडीवरून पाहणाऱ्याला समोर कोनगाव, डोंबिवलीच्या मोठागाव रेतीबंदरावरून समोर माणकोली. दोन्ही ठिकाणी सूर्य पाण्यापलीकडे मावळतो. लोक फिरायला सायंकाळी जातात, सूर्य डोळ्यांसमोर असतो, आणि होडीची जी बाजू आपल्याकडे असते तिच्यावर सावली पडते. त्याच धक्क्यावर सकाळी साडेसात वाजता उभे राहावे: सूर्य पाठीमागून, गावाच्या छपरांवरून येतो आणि फळ्यांचे सांधे, रंगाचे पोपडे, दोरखंडाचा पीळ असे सारे उजळते. ठाण्यात हिशेब उलटा. ठाण्याची खाडी शहराच्या पूर्वेस असल्याने कोपरीकडच्या काठावर सकाळची होडी काळी आणि दुपार उतरल्यावरची होडी उजळ. घोडबंदर रस्त्यावरील गायमुख आणि नागला बंदराकडे मात्र पाणी उत्तरेस आहे. तेथे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दिवसभर पाठीशी राहतो, आणि सकाळ-संध्याकाळ तो कडेने येऊन होडीच्या पोटाची गोलाई उठवून दाखवतो. डांबर किंवा तेल चोपडलेल्या काळ्या होडीला असाच आडवा प्रकाश लागतो. समोरच्या उजेडात ती कोळशाच्या ढिगासारखी सपाट दिसते.

प्रकाश साधला तरी पाणी साधेलच असे नाही. खाडी समुद्रासारखी सदा भरलेली नसते. ओहोटीला काठचा चिखल उघडा पडतो, होड्या एका अंगावर कलतात, आणि प्लास्टिकचा कचरा चित्रात सर्वांत आधी दिसतो. येथे कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब उपयोगी पडतो: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसा तसेच रात्री, आणि वद्य पक्षात पुन्हा एकपासून. मुंबईच्या समुद्रापासून आत कल्याणपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, तो वर धरावा. ज्या घरात अष्टमी-चतुर्दशीच्या उपवासासाठी दिनदर्शिका रोज पाहिली जाते, तेथे वेगळे भरतीचे कोष्टक शोधण्याची गरज नाही.

या हिशेबातून एक मजेची गोष्ट निघते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण मोठे असते, म्हणून हौशी मंडळी त्या दिवशी कॅमेरा घेऊन निघतात. पण ती भरती भर दुपारच्या उजेडात येते, आणि सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हाच्या वेळी नेमका चिखल असतो. याउलट षष्ठी-सप्तमीच्या सायंकाळी आणि अष्टमी-नवमीच्या सकाळी खाडी शांतपणे भरलेली असते. ही भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, ओढही कमी. म्हणूनच वारा नसेल तर प्रतिबिंब अखंड पडते. आश्विनातील आयंबिलची ओळी शुद्ध सप्तमीला बसते. पावसाने आकाश धुऊन निघालेले, धूळ अजून चढलेली नाही, आणि तिथी भांगाची: वर्षभरातील होडीच्या चित्राचे सर्वांत उत्तम दिवस बहुधा हेच.

मांडणीविषयी बोलायचे तर येथील खरी अडचण पार्श्वभूमीची आहे. उंच इमारती, विजेचे मनोरे, पुलांचे खांब हे सारे होडीच्या डोक्यावर उगवल्यासारखे दिसतात. यावर उपाय सोपा आहे, तरी क्वचितच केला जातो. धक्क्याच्या पायरीवर दोन पावले वर चढावे, म्हणजे होडीमागे फक्त पाणी येते. किंवा गुडघ्यावर बसावे, म्हणजे ती आकाशावर उमटते. मधल्या उंचीवरून, उभ्याने घेतलेले चित्र बहुतेक फसते. पाण्याची रेघ तिरपी नसावी, होडीच्या नाळेपुढे थोडे पाणी मोकळे सोडावे, आणि मोबाइलवर चिमटीने दूरचे जवळ ओढण्याऐवजी पायांनी जवळ जावे. पूल टाळता येत नसेल तर त्याच्या दोन खांबांमधून होडी पाहावी. मग तोच पूल चौकट होतो. होडीत माणूस असल्यास चित्राला माप मिळते, पण त्याला आधी विचारावे. तो कामावर आहे, देखावा म्हणून बसलेला नाही. मासळीच्या टोपल्या ज्यांना चित्रात नको असतील त्यांनी होड्या काठाला विसावलेल्या असताना जावे. तेव्हा नांगर, वल्ही आणि वाळत घातलेले कपडे असतात, आणि घाई कोणालाच नसते.

ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगोंसाठी 2015 मध्ये अभयारण्य झाले आणि 2022 मध्ये ती रामसर स्थळांच्या यादीत आली. ऐरोलीहून तेथे बोटीने जाता येते. चालत्या बोटीतून चित्र घेताना कोपर कठड्यावर टेकवू नये, कारण इंजिनाची थरथर हातात उतरते. आणि पक्षी उडावेत म्हणून नावाड्याला जवळ नेण्याचा आग्रह धरू नये. तो आग्रह चित्रासाठी असला तरी पीडाच आहे.

कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 ठरला आहे. प्रवासी बोटी येतील तेव्हा नवे धक्के बांधले जातील, दिवे लागतील, आणि जुन्या लाकडी होड्यांना बांधण्याची जागा कदाचित दुसरीकडे शोधावी लागेल. तूर्तास दुर्गाडीखालच्या काठावर सूर्य बुडाल्यानंतरही वीसेक मिनिटे निळसर उजेड रेंगाळतो. तेव्हा बहुतेक लोक मोबाइल खिशात घालून परत फिरलेले असतात. पलीकडचे दिवे पाण्यात लांब पसरतात, होडीची कड अजून डोळ्यांना दिसते, आणि कठड्यावर टेकवलेला साधा फोनही ती टिपू शकतो.