पत्र्याचा खिळा

आमच्याकडं मोटार म्हटलं की कुणालाही पाण्याचीच मोटार आठवते. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरकायला लागलं की पाइपाला पाइप जोडत ती मोटार पाण्यामागं न्यायची, पावसाळ्यात पाणी चढलं की रातोरात वर ओढायची. यात आमच्या पिढीचं निम्मं आयुष्य गेलं. माझ्याकडं आणखी एक मोटार आहे, होडीच्या पाठीमागं अडकवायची. तिला आमच्या काठावर सगळे मशीन म्हणतात.

१९८० साली धरण पूर्ण झालं. आमचं जुनं गाव, वडलांनी बांधलेली विहीर अन् निम्म्याच्या वर रान भीमेच्या पाण्याखाली गेलं. आम्ही राहिलो करमाळ्याच्या बाजूला. बाजार, दवाखाना, सोयरेधायरे बरेचसे इंदापूरच्या बाजूला. रस्त्यानं जायचं तर केवढा तरी वळसा, अन् समोरचा काठ तर डोळ्यांना दिसतोय. म्हणून होडी. आधी वल्ह्यावर होती. पुढं गुडघे बोलायला लागले तेव्हा एकाकडून जुनं दहा एचपीचं मशीन घेतलं.

२०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वाऱ्यानं उलटली. सहा माणसं गेली, त्यात लहान लेकरं होती. त्यानंतर कितीतरी दिवस पाण्याकडं बघवत नव्हतं. मी चार जाकिटं विकत आणली अन् दुपारनंतर होडी पाण्यात घालायची नाही असं ठरवलं.

पुढच्या एप्रिलात तो नियम मीच मोडला. शेजारच्या जिजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तपासायला पलीकडं जायचं होतं. सकाळी निघायचं ते लाइटीच्या पायी राहिलं. पाणी चालू ठेवून कसं निघणार? निघायला दीड वाजला. होडीत जिजी, तिचा नातू अन् मी. तिघांनाही जाकिटं घातली. जिजी म्हणाली, “ह्यात म्या बुजगावण्यावानी दिसती.”

निम्म्या वाटेवर जाळं आडवं आलं. मी गिअर न्यूट्रलला घेतला, मशीन उचललं, होडी जाळ्यावरनं सरकू दिली अन् मशीन परत खाली सोडलं. लिव्हर पुढं ढकलला. एरवी तो ढकलला की हाताला ‘खट्ट’ असं लागतं. या वेळी काहीच लागलं नाही. सैल झालेल्या दारासारखा लिव्हर गेला. मी रेस वाढवली. मशीन बोंबलायला लागलं, धूर निघाला, होडी जागची हलेना. मागचा गिअर टाकून पाहिला, तीच गत. बंद करून परत चालू केलं. तीन वेळा दोरी ओढली. यात शहाणपणाचं काही नव्हतं, माणूस घाबरला की जे येतं तेच पुन्हा पुन्हा करतो, एवढंच.

वारं सुटलं होतं. पाण्यावर बारीक पांढरी फेसाळ उठली होती. सुदैवानं वारं आम्हाला आमच्याच काठाकडं रेटत होतं, पण तिरकं, खडकाच्या अंगानं. मी वल्हं घेतलं. नातू अकरा वर्षांचा, त्यानं दुसरं घेतलं. जिजीनं एका हातानं डोळ्यावरचा काळा चष्मा धरला, दुसऱ्या हातानं होडीची कड. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तासाभरानं खडकाच्या अलीकडं चिखलात होडी लागली. माझे हात इतके थरथरत होते की जाकिटाचं बक्कल सुटेना, ते नातवानं सोडवलं.

आता माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो. दोन महिन्यांपूर्वी एका पोराकडून मी मशीनच्या खालच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलून घेतलं होतं. घर मासेमारी करणारं, पोरगं वीस-बावीसचं, मोबाइलवर बघून बघून मशीनं दुरुस्त करायला शिकलेलं. त्यानंच काहीतरी खोललं, नीट बसवलं नाही, अन् आज तीन जीव गेले असते. काठावर चढेपर्यंत माझा निकाल झाला होता.

तो तिथंच होता. चार-पाच माणसं मासे पेटीत भरत होती, त्याचा बाप होता. मी सगळ्यांदेखत त्याला बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. त्याच्या बापाकडं बघूनही बोललो, ते तर आणखी वाईट. पोरगं खाली मान घालून ऐकत राहिलं. मी दमलो तेव्हा म्हणालं, “काका, मशीन बघू का?”

त्यानं मशीन बंद ठेवूनच पंखा हातानं फिरवला. मला म्हणाला, “तुमी लिव्हर टाका.” न्यूट्रलला पंखा मोकळा फिरायलाच पाहिजे, तो फिरला. पुढच्या गिअरला तो एका अंगानं अडायला पाहिजे, तरी मोकळाच. मागच्या गिअरलाही मोकळाच. “पंखा अडला असता अन् होडी चालली नसती,” तो म्हणाला, “तर पंख्याच्या आतलं रबर गेलं असं धरलं असतं. हितं गिअर पडतच न्हाई.”

मग त्यानं ऑइलचा खालचा स्क्रू ढिला केला अन् बोटावर थेंब घेतला. पांढुरकं झालेलं नव्हतं, म्हणजे पाणी शिरलं नव्हतं. बोटावर बोट घासलं, लोखंडाचा कीस लागत नव्हता. आतले दोन दातेरी गिअर कायम फिरतच असतात अन् मधला खाचेचा तुकडा सरकून याला नाहीतर त्याला धरतो, हे त्यानं चिखलात काडीनं रेघा ओढून मला दाखवलं. ट्रॅक्टर चालवून माझी कातडी निबर झाली, पण हे मला कुणी असं दाखवलं नव्हतं. राग अजून गेला नव्हता, तरी मी वाकून बघत होतो.

आमच्या मशीनच्या मधल्या भागाला बाजूनं एक रबरी बूच आहे. लिव्हरकडून येणारा वरचा दांडा अन् गिअरबॉक्सात जाणारा खालचा दांडा तिथं आत जोडलेले आहेत. त्यानं बूच काढलं, पक्कडीनं खालचा दांडा धरून दाबला. खट्ट. पंखा अडला. म्हणजे गिअरबॉक्स ठणठणीत होता. लिव्हरही ठीक होता. दोघांमधला जोड तुटला होता, अन् वर मी कितीही ढकललं तरी खाली त्याचा पत्ता नव्हता.

त्यानं पक्कडीनं जोडातून एक तुकडा ओढून काढला. झिजून मधोमध तुटलेला खिळा. वर चपटी छत्री, पत्र्याला मारतो तसला.

तो मी लगेच ओळखला. चार वर्षांपूर्वी, ऊसतोडीच्या गडबडीत, तिथली पिन बाहेर आलेली मला दिसली होती. ती मूळची पिन पोलादी, गुंडाळलेल्या पत्र्यासारखी, भोकात ताठ बसणारी. ती पाण्यात पडली. मी गोठ्याच्या पत्र्याचा खिळा मारला अन् वाकवला. दोन दिवसांपुरता. असे दोन दिवसांपुरते खिळे अन् तारा माझ्या रानात शंभर निघतील. मऊ लोखंडाचा खिळा चार वर्षं टिकला, तेही रेस कमी न करता गिअर हाणायची माझी सवय सोसून.

पोरानं तो तळहातावर घेतला. “काका, ह्यो कुठनं आला?”

मी म्हणालो, “काय की बाबा. आधीच्या मालकाचा आसंल.”

चार माणसं ऐकत होती म्हणून असं म्हणालो. वय पासष्ट. पोरगं माझ्याकडं बघत राहिलं अन् मग “आसंल,” एवढंच म्हणालं. पैसे घेतले नाहीत.

रात्री मंडळींना सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. “मग आता मला कशाला सांगताय?” म्हणाली.

सकाळी पुन्हा काठावर गेलो. बोललो होतो चारचौघांत, तेव्हा पोराला बाजूला बोलावून चालणार नव्हतं. मासे भरणारे तेच होते, बापही होता. मी म्हणालो, “खिळा माझा हाय. म्याच मारलेला. पोराची काय चूक न्हवती, अन् काल मी खोटं बोललो.” बाप काही बोलला नाही, पेटीवर बर्फ टाकत राहिला. त्याचा राग गेला नव्हता अन् तो जावा असं मागण्याचा मला हक्कही नव्हता.

पोरगं मात्र हसलं. “मला कालच कळलं हुतं,” म्हणालं. “छत्रीला आजून निळा रंग हाय. तुमच्या गोठ्याचाच पत्रा निळा.”

पिना त्यानंच इंदापूरहून आणल्या, दोन. एक त्यानं माझ्या हातानं बसवून घेतली. दुसरी होडीत बसायच्या फळीखाली डब्यात आहे, पक्कडीशेजारी. जिजी मात्र डोळे तपासायला रस्त्यानं गेली, एसटीनं. परत आल्यावर म्हणाली, “लई लांब पडतं बाबा.” पण होडीचं नाव तिनं अजून काढलेलं नाही.