भिंतीवरची करवत

देवगडच्या आमच्या घरात ओटीवर एक करवत टांगलेली आहे. माझ्या हाताएवढी लांब, आणि दात चक्क दोन्ही बाजूंना! लहानपणी मला ती सुताराची वाटायची. (कॉन्व्हेंटचा परिणाम, दुसरं काय? रफार-रकार अजूनही चुकतात, तेव्हा मित्रांनो, आधीच सॉरी.) खरं तर ते आजोबांनी तरुणपणी पकडलेल्या करवत माशाचं नाकाड.

यंदा सेमिनारला ‘सेन्सर्स’ विषय घेतला आणि ही करवत आठवली. हा मासा दिसतो शार्कसारखा, पण जातीने पाकट. त्याच्या करवतीवर असंख्य बारीक छिद्रं असतात. गढूळ पाण्यात लपलेल्या भक्ष्याचं अतिशय क्षीण विद्युत क्षेत्र त्यांतून त्याला कळतं. आपल्या लॅबमधला ऑसिलोस्कोप लाजेल! पिल्लं जन्मतात तेव्हा आईला इजा होऊ नये म्हणून करवतीवर मऊ आवरण असतं. ती वाढतात खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळच्या उथळ पाण्यात.

पण हीच करवत जाळ्यात अडकते आणि मग सुटता सुटत नाही. २००१ साली या माशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. तरीही आज तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

सुट्टीत हे सगळं मी आजोबांना ऐटीत ऐकवलं आणि विचारलं, “आज जाळ्यात आला, तर जाळं कापून सोडाल?”

आजोबा शांतपणे म्हणाले, “बाय, जाळ्याचे पैशे कोण देतलो?”

मी गप्प. माझी पहिल्या वर्षाची फी त्याच जाळ्यातून आली होती.

हॉस्टेलवर परतल्यावर शोधलं. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली आहे. फक्त पुराव्याला फोटो हवेत. लगेच आजोबांना फोन लावला. वाटलं, खूश होतील. बराच वेळ पलीकडे फक्त समुद्राचा आवाज.

मग म्हणाले, “फोटो काढूक माका शिकय. पण बाय, चाळीस वर्सां एकव गावाक नाय. मासो खंय आसा?”

सेमिनारला मला चांगली ग्रेड मिळाली. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्या एकाही स्लाइडवर नव्हतं.