चारही चाकांची ओढ

२०२३ च्या पावसाळ्यात इस्लामपुरात एक जुनी, आलिशान एसयूव्ही घेण्याचे माझे जवळपास ठरले होते. मळ्यातील वस्तीवरून वडिलांना दवाखान्यात आणायचे, तर काळ्या रानाच्या चिखलात चारही चाके ओढणारीच गाडी हवी, असा माझा समज होता. मिस्त्री म्हणाले, “सर, हिची एरवी पुढचीच चाके ओढतात. ती घसरली की क्लच मागच्या चाकांना जोर देतो. पण टायर कमी-जास्त झिजलेले असले, तर घेरातला फरकही त्याला घसरणच वाटते. मग तो तापून जातो. आणि ब्रेक दाबल्यावर ही ओढ कामाची नाही, तिथे टायरचीच पकड.”

मी वाकून पाहिले. दोन टायर नवे, दोन गुळगुळीत. व्यवहार मोडला. त्या वर्षी वडील ट्रॅक्टरमधूनच आले.