संकासुराचा काळा रंग

आम्ही व्यवसायाने मराठीचे शिक्षक. संगणकाशी आमचा संबंध गुणपत्रके भरण्यापुरता. तेव्हा ‘ग्राफिक्स कार्ड’ या वस्तूविषयी आम्ही वार्षिकात चार शब्द लिहावेत, याचे आमच्या सहकाऱ्यांस आणि त्याहूनही अधिक दहावीच्या मुलांस हसू येईल. येवो बापडे. ज्या वस्तूपायी आमची दसऱ्याची सारी सुटी खर्ची पडली, तिच्याविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आला आहे, अशी आमची समजूत आहे.

या प्रकरणाचे मूळ एका चित्रफितीत आहे. १९९४ साली पेडण्याकडील आमच्या गावी जत्रेत दहीकाला झाला. आमचे वडील एरव्ही शेतकरी. पण दहीकाल्यात संकासुर रंगवावा तर त्यांनीच. ज्यांनी दशावतार पाहिला नाही अशांसाठी (असा वाचक पेडणे महालात विरळाच, परंतु हे वार्षिक दूरवरही जाते) सांगितले पाहिजे की, संकासुर म्हणजे वेद चोरणारा असुर. पूर्वरंगात तो येतो तो नखशिखान्त काळा. काळा पेहराव, काळा मुखवटा. दशावतारी नटास लेखी संहिता नसते, त्यामुळे सारी भिस्त त्याच्या जिभेवर. आणि वडिलांची जीभ, घरी फारशी न चालणारी, त्या एका रात्री विलक्षण चाले.

त्या वर्षी आखातातून रजेवर आलेल्या आमच्या काकांनी आपल्या व्हीएचएस कॅमेऱ्यावर तो खेळ टिपला. संकासुराचा वध झाल्यावर ते वडिलांच्या मागोमाग रंगपटात गेले. तेथे पिवळ्या दिव्याखाली वडिलांनी मुखवटा उतरविला आणि घामेजलेल्या चेहऱ्याने ते कॅमेऱ्याकडे पाहून हसले. हे हसणे अवघे सहा-सात सेकंदांचे. आई त्या रात्री आजारी आजीच्या उशाशी बसून होती. तिने यातले काहीच पाहिले नाही. वडील २००३ साली निवर्तले. फीत काकांच्या पेटीतच राहिली, आणि गेल्या वर्षी ते गेल्यावर बुरशी धरू लागलेल्या स्थितीत आमच्या हाती आली. एका दुकानातून तिची संगणकावरची प्रत करून घेतली, मोठा दूरदर्शन संच भिंतीवर टांगलेला होताच, आणि ब्याऐंशी वर्षांच्या आईस समोर बसवून आम्ही मोठ्या ऐटीने ती लावली.

जे दिसले ते पाहण्याजोगे नव्हते. संकासुराने हात उगारला की त्या हाताच्या कडेस फणीसारखे दात फुटत. चालताना तो अडखळे. आणि काळा म्हणून ज्याची ख्याती, तो चुलीतल्या राखेसारखा दिसे. आई काही बोलली नाही. तिने चष्मा काढून पुसला व पुन्हा लावला. ते पाहून आम्हांस अपराध्यासारखे वाटले.

दोष संगणकाच्या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा, असा आम्ही तत्काळ निवाडा केला. शिक्षकास निवाडा करण्याची सवयच असते. दुकानात चौकशी केली, तेव्हा तीन पंख्यांचे, विटेएवढे जाड एक कार्ड पुढे आले. किंमत आमच्या मासिक वेतनाहून अधिक. महाग आहे त्या अर्थी चांगले असणार, हा न्याय आम्ही लावलाच होता. पण सुदैवाने घेण्यापूर्वी डिचोलीस बहिणीकडे गेलो. तिचा मुलगा अभियांत्रिकीस आहे. म्हापसा, अस्नोडा मार्गे पेटी मांडीवर घेऊन केलेल्या त्या बसप्रवासाविषयी मौन पाळलेले बरे.

भाच्याने आम्हांस प्रथम सांगितले ते असे. ग्राफिक्स कार्डात दोन निरनिराळी खाती असतात. एक खेळांसाठी, किंमत वाढते ती बहुतांशी त्यामुळे. दुसरे चलच्चित्र उलगडून दाखविणारे; ते लहानसे असते, आणि एकाच पिढीच्या स्वस्त व महाग कार्डांत पुष्कळदा सारखेच असते. नेहमीच नव्हे, हेही त्याने बजावले. ‘एव्ही१’ या नव्या पद्धतीने बांधलेली चित्रे एएमडीची २०२० सालची मोठी कार्डे उलगडतात, पण त्यांच्यानंतर, २०२२ साली आलेले आरएक्स ६४०० हे लहान कार्ड उलगडत नाही. म्हणजे सन पाहूनही चालत नाही, किंमत पाहूनही चालत नाही. आपणांस पाहावयाचे काय आहे, तेथून आरंभ करावा लागतो.

आमच्याजवळ होती फीत. आपल्याकडील जुनी दूरदर्शन पद्धती ६२५ ओळींची, त्यांपैकी चित्राच्या ५७६. सेकंदास पंचवीस चित्रे. पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत. आधी एकाआड एक ओळी, आणि एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. जुन्या काचेच्या नळीचे संच याच क्रमाने ओळी रेखीत, म्हणून डोळ्यांस काही खटकत नसे. आताचा सपाट पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवितो. मधल्या क्षणात हात हललेला असतो. मग दोन क्षणांचे दोन हात एकमेकांत गुंफले जातात व फणीचे दात दिसतात. हे दोन हप्ते ओळखून त्यांची पन्नास पूर्ण चित्रे करणे, हे कार्डाचे या बाबतीतले खरे कसब. आमच्या कार्डास तेही येत होते म्हणे! परंतु प्रत करणाऱ्या दुकानदाराने ओळी आलटूनपालटून असल्याची खूणच फायलीत ठेवली नव्हती, त्यामुळे बिचाऱ्यास काम आहे हेच ठाऊक नव्हते.

तरीही आमचा मोह गेला नव्हता. भाच्याच्या एका मित्राकडे तसले मोठे कार्ड होते. ते एका रात्रीसाठी आणून आम्ही आईस डिचोलीसच बोलावून घेतले. कृत्रिम बुद्धीच्या साह्याने अस्पष्ट चित्र रेखीव करण्याची सोय त्यात होती. चित्र पडद्यावर आले आणि आम्ही थक्क झालो. मुखवट्याची कडा सुरीसारखी, पडद्याची चुणी न् चुणी वेगळी. मग रंगपट आला, वडील हसले. त्वचा तुकतुकीत, दोन्ही भुवया सारख्या.

आई पुढे वाकली. थोडा वेळ पाहत राहिली, आणि हळूच म्हणाली, “हे ते न्हय.”

वडिलांच्या डाव्या भुवईत कोयत्याची जुनी खोक होती. फितीवर ती पुसटशी होती. यंत्राने तिला डाग समजून भुवई भरून काढली होती. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने जेमतेम २४० रेघांइतका तपशील असतो, आणि नव्या पडद्यास उभ्या २१६० ओळी भरावयाच्या असतात. उरलेले कोठून यावयाचे? यंत्र ते आपल्या पाठांतरातून आणते, आणि त्या पाठांतरात आमचे वडील नव्हते. विद्यार्थ्यांच्या अक्षरातील काना-मात्रा आम्हीही कधी कधी मनानेच भरून घेतो, पण तो निबंध असतो.

मोठे कार्ड परत गेले. पुढील दोन दिवस भाचा व आम्ही किरकोळ दिसणाऱ्या गोष्टींच्या मागे लागलो. संगणक संचाला सेकंदास साठ चित्रे पाठवीत होता. पन्नासांची साठ करावयाची म्हणजे प्रत्येक पाचांमागे एक दुहेरी दाखवावे लागे, म्हणून संकासुर अडखळत होता. ५० हर्ट्झ केल्यावर तो नीट चालू लागला. राखेचे कोडे त्याहून मौजेचे निघाले. चलच्चित्रात काळ्याचा अंक १६ व पांढऱ्याचा २३५, तर संगणकाच्या हिशेबात ० ते २५५. कार्ड पहिल्या मापाने बोलत होते, संच दुसऱ्या मापाने ऐकत होता. सोळा म्हणजे शून्याहून उजळ, म्हणून काळा राखाडी. दोघांचे माप एक केले, आणि संकासुर एकदम काळाकुट्ट झाला!

एवढे झाल्यावर नव्या कार्डाची गरजच काय, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारील. जुन्या कार्डाचा पंखा कर्कश घरघरे, आणि रंगपटातील बोलणे फितीवर आधीच क्षीण आहे. म्हणून आम्ही पंखा नसलेले, ३० वॉटचे जीटी १०३० हे २०१७ सालचे कार्ड भाच्याकरवी जुन्या बाजारातून घेतले. ते ‘एव्ही१’ उलगडत नाही. मुले त्यावरून कुरकुर करतील तेव्हा पाहू.

दिवाळीच्या आधल्या रविवारी पेडण्यास घरी फीत लावली. कृत्रिम रेखीवपणा बंद. चित्र मऊ, थोडेसे दाणेदार, कडेला बुरशीचे दोन पांढरे ओरखडे. वडिलांनी मुखवटा उतरविला. भुवईत खोक होती. पंखा नसल्यामुळे त्या हसण्याआधीचे दोन शब्दही ऐकू आले. काकांस त्यांनी विचारले होते, आई घरी जेवली का म्हणून. आजीविषयी की आमच्या आईविषयी, हे आम्हांस कळले नाही. आईस कळले असावे. तिने सांगितले नाही.

ती सात सेकंदे तिने तीन वेळा पाहिली. चौथ्या वेळी तिची नजर वडिलांच्या मागे गेली, आणि मृदंग बाजूला ठेवणारा तो कोण, पायपेटीशी बसलेला कोणाचा कोण, हे ती एकेक करून सांगू लागली. त्यांतले बहुतेक आता नाहीत. आम्ही दप्तरातून वही काढली व लिहून घेऊ लागलो.