नाकाची उमेदवारी

आम्ही पाच मित्र दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पाळीपाळीने एकमेकांच्या घरी जमून वाइनचा आस्वाद घेतो, हे वाक्य आमच्यासारख्या घरांत उच्चारणे आजही सोपे नाही. ज्या फडताळात द्राक्षासवाची बाटली पाचक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे, आणि तिच्यात धायटीच्या फुलांच्या योगाने मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो याची कोणासही क्षिती नाही, त्याच घरात ‘वाइन’ हा शब्द निघताच पानावरचे हात थांबतात. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षांच्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून देशपरत्वे कापिशायन व हारहूरक अशी त्याची नावेही दिली आहेत. परंतु कौटिल्याचा आधार वडील मंडळींपुढे फारसा चालत नाही, म्हणून आम्ही तो पुढे केलाच नाही. रीतसर परवाने काढले, आणि घरी खरा हेतू काय तेवढा सांगितला.

तो हेतू म्हणजे आमच्या प्रोफेसर मित्रांचे नाक. २०२१ सालच्या करोनाच्या लाटेत त्यांचा गंध गेला. ताप उतरला, खोकला थांबला, गंध मात्र परतला नाही. ही गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. वास्तविक जिभेस गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच गोष्टी कळतात. ज्यास आपण चव म्हणतो ती बहुतांशी नाकाची कमाई असते. प्रोफेसरांस आमरस म्हणजे गोड लगदा आणि वरण म्हणजे ऊन पाणी लागू लागले. एके दिवशी दूध करपून पातेले काळे झाले तरी हे शेजारी स्वस्थ वर्तमानपत्र वाचीत बसलेले वहिनींनी पाहिले. तेव्हापासून गॅस सुरू असताना त्यांस एकटे सोडून बाहेर जाण्याचा वहिनींस धीर होईना. पुढे प्रोफेसर पंक्तीस बसणेच टाळू लागले, आणि सहा महिन्यांत माणूस अर्धा झाला.

आमच्या मंडळीत एक डॉक्टर आहेत. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील टॉमस हुमेल यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यांनी सांगितला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ मन लावून हुंगायचे. असा १२ आठवडे अभ्यास केल्यावर गंध गमावलेल्या कित्येकांस काही अंशी लाभ झाला. उपाय साधा, पण एकट्याने करणे कठीण. कारण प्रोफेसरांच्या लेखी चारही कुप्या रिकाम्याच होत्या. म्हणून आम्ही सर्वजण त्यांच्याबरोबर बसू लागलो. चार वासांचा आम्हांस कंटाळा आला तेव्हा डॉक्टरांनीच वाइनचे नाव काढले. एका पेल्यात नाना गंध, ते निवडून ओळखण्याची तयार शिस्त, आणि आम्ही तर नाशिककर, द्राक्षमळे दाराशी!

मंडळास आम्ही नाव दिले नाही. नाव दिले की अध्यक्ष आणि वार्षिक अहवाल ओघानेच येतात. नियम मात्र एक आहे, आणि तो कडक आहे. बाटलीवर कापड, प्रत्येकाच्या हाती कागद, आणि सर्वांचे लिहून होईपर्यंत तोंडातून शब्द नाही. यास कारण आहे. बोर्दो येथील संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा तांबडा रंग मिसळून ती ५४ विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांनी केले. २००१ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. डोळा नाकास इतका फसवितो, तर शेजाऱ्याचा आत्मविश्वास काय करणार नाही! घोट तोंडात घोळवून टाकून द्यावयाचा असतो. त्याकरिता माळ्यावरून आजोबांची पितळी पिकदाणी उतरविली. इंग्रजी पुस्तकांतील फळांची नावे आम्ही सोडून दिली. जे फळ आयुष्यात हुंगले नाही त्याची आठवण कशी व्हावी? करवंद, जांभूळ, कैरी, ढोबळी मिरची यांवर आमचे चांगले भागते.

आमच्या आत्याबाईंचे वय ८४. “नाक सुधारायला स्वयंपाकघर थोडं आहे का रे?” असा त्यांचा सवाल होता, आणि त्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे वकिलांच्या चिरंजीवांनी फ्रान्सहून एक भारी किंमतीची बाटली आणली. त्या दिवशी बैठक आमच्या घरी होती. पेले भरले, पण पेन्सिली हलेनात. इतक्या लांबून आणलेल्या वस्तूस नावे कोण ठेवणार? तोच आत्याबाई दारातून म्हणाल्या, “पावसाळ्यातलं न वाळलेलं गोणपाट कोणी आणून टाकलंय इथे?” डॉक्टर उडालेच. सदोष बुचामुळे वाइनला जी कुबट घाण येते तिची परीक्षा अगदी हीच. आत्याबाई पेल्यास शिवत नाहीत, आजही नाही. परंतु नवी बाटली उघडली की त्यांस दारापर्यंत बोलावण्याचा परिपाठ पडला आहे.

गेल्या महिन्यात प्रोफेसरांकडे बसलो होतो. ओकच्या पिंपात मुरविलेली तांबडी वाइन होती. लवंगेस जो वास असतो तो देणारे युजेनॉल हे द्रव्य ओकच्या लाकडातही असते, आणि तेथून ते वाइनमध्ये उतरते. डॉक्टरांस हे ठाऊक होते, पण ते काही बोलले नाहीत. कागद वाचण्याची वेळ आली. वकिलांनी सात ओळी लिहिल्या होत्या. प्रोफेसरांच्या कागदावर एकच शब्द होता, “लवंग”, आणि पुढे प्रश्नचिन्ह. वहिनींनी तो कागद मागून घेतला, दोनदा वाचला आणि आत नेऊन मिसळणाच्या डब्यात ठेवला.

पुढील बैठकीस शिराझ यावयाची आहे. तिच्यातील मिऱ्याचा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली उजेडात आणले, आणि सुमारे पाचांतील एका माणसास ते जाणवतच नाही. आम्ही नेमके पाचजण आहोत. तो एक कोण, यावर वकिलांनी आतापासूनच वाद मांडला आहे.