कातडीखालचे लाकूड

धनुष्याला पाठ असते आणि पोटही असते. तीरंदाजाच्या बाजूला असते ते पोट, लक्ष्याच्या बाजूला असते ती पाठ. दोरी ओढली की पोट आखडते व पाठ ताणली जाते. पोटाने हार खाल्ली तर धनुष्य थकते, दोरी उतरविल्यावरही वाकलेलेच राहते. मात्र पाठीने हार खाल्ली तर ते क्षणार्धात मोडते, आणि मोडते तेव्हा ते तीरंदाजाच्या तोंडाशी असते. म्हणून धनुष्य घडविणाऱ्याचा सारा जीव पाठीत गुंतलेला असतो.

हे ज्ञान आम्हांस कोणत्याही ग्रंथातून लाभले नाही. 2014 ते 2017 अशी तीन वर्षे आमची नेमणूक अमेरिकेत, टेक्सास राज्याच्या उत्तर भागातील एका लहानशा धर्मग्रामात होती. तेथील एक वयोवृद्ध गृहस्थ, पेशाने निवृत्त सुतार, घरामागच्या छपरात लाकडी धनुष्ये करीत. रविवारची मिस्सा आटोपली की आमची पावले बहुधा त्या छपराकडे वळत. त्या मुलुखात ओसेज ऑरेंज नावाचे झाड होते. नावात संत्रे असले तरी त्याचे हिरवे, खरबरीत फळ कोणी खात नाही. लाकूड मात्र हळदीसारखे पिवळे आणि विलक्षण चिवट. जुन्या फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्याला 'बोआ दार्क', म्हणजे धनुष्याचे लाकूड, असेच नाव दिले होते. टेक्सासवासीयांच्या तोंडी त्याचे 'बोडार्क' झाले.

या लाकडाची साल व त्याखालचा पांढरा थर सोलून काढायचा आणि आतले एकच वार्षिक वलय मुठीपासून टोकापर्यंत अखंड राखायचे, ही पाठ तयार करण्याची रीत. जेथे गाठ असेल तेथे वलय टेकडीसारखे वर येते. सुरीही त्या टेकडीवरून चढून उतरली पाहिजे. ती सरळ नेली तर वलय कापले जाते, आणि तेथूनच पुढे ढलपी उठते.

अशा पाठीवर सापाची कातडी चिकटविण्याची प्रथा आहे. तिच्याविषयी बराच गैरसमज दिसतो. कातडीने धनुष्याला बळ येते असे अनेकांना वाटते. तसे काहीही नाही. बळ येते ते हरणाच्या कंडरांचे तंतू सरसात भिजवून पाठीवर बसविल्याने. उत्तर अमेरिकेतील मैदानी प्रदेशाचे आदिवासी तसे करीत, आणि त्या तंतूंना ओल लागू नये म्हणून काही ठिकाणी वरून रॅटलस्नेकची कातडी लावीत. निव्वळ लाकडावर लावलेली कातडी थोडी ओल अडविते, थोडे ओरखडे सोसते आणि सुंदर दिसते, इतकेच. आमचे सुतारबाबा म्हणत, "फादर, हा धनुष्याचा रविवारचा पोशाख आहे. आठवडाभराचे काम लाकडानेच करायचे." म्हणूनच नव्या धनुष्यातून तीनचारशे बाण सोडून झाल्याखेरीज ते त्यावर कातडी चढवीत नसत. झाकल्यानंतर तपासणार कशी?

त्यांच्याकडील कातडी रस्त्यावर गाड्यांखाली मेलेल्या सापांची असे. त्याच राज्यात स्वीटवॉटर गावी 1958 पासून दर मार्च महिन्यात रॅटलस्नेक पकडण्याचा मोठा मेळा भरतो व तेथे कातडी विकली जाते. आम्ही एकदा तो पाहिला. पुन्हा पाहावासा वाटला नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असे कातडे बाळगणेही गुन्हा ठरू शकते. गोव्यातील घुमटाचे उदाहरण वाचकांस ठाऊक असेलच. मांडोला साथ देणाऱ्या त्या मातीच्या वाद्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत. आता बकऱ्याचे ताणतात, आणि 2019 मध्ये त्याला वारसा वाद्याचा मानही मिळाला.

आता कृतीकडे वळू. कातडी कमावलेली नसावी. कमावलेल्या कातडीत तेल असते व त्यावर सरस धरत नाही. नुसती वाळविलेली कातडी घ्यावी. एका सापात सहसा भागत नाही. प्रत्येक भुजेला एक अशा नक्षी जुळणाऱ्या दोन लागतात. त्यांचा सांधा मुठीवर येतो व चामड्याच्या वेष्टनाखाली दडतो. कातडी किंचित साबण घातलेल्या पाण्यात भिजवून आतली बाजू बोथट सुरीने खरवडायची, चरबीचा अंश राहू द्यायचा नाही. धनुष्याची पाठ स्पिरिटने पुसायची. बोटांचा घामसुद्धा तेथे वैरी ठरतो. सरस थंड पाण्यात फुगवून सुमारे 60 अंशांपर्यंत तापवायचा. उकळला की त्याची पकड जाते. पाठीवर पहिला पातळ हात देऊन तो वाळू द्यायचा, मग दुसरा. सापाच्या कण्यावरची खवल्यांची मधली रांग धनुष्याच्या मध्यरेषेवर आणून मधून कडांकडे अंगठ्यांनी निपटत जायचे. ओढून ताणायचे मात्र नाही. वाळताना कातडी आपोआप आखडते; म्हणून दोन्ही कडांना पाव इंच जास्त ठेवायची आणि वाळल्यावर कानशीने कडा उतरवायच्या, कानस नेहमी वरून खाली. शेवटी सुटे खवले चिकटपट्टीने उचलून घ्यायचे व वरून लाखेचे पॉलिश द्यायचे. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरच्या कीटकांची ही लाख! झारखंड-छत्तीसगढच्या रानातली वस्तू टेक्सासच्या छपरात बाटलीबंद पाहून आम्हांस माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

दोष उद्भवतातच. कातडी ओली असताना पॉलिश दिले तर ते दुधाळ होते. स्पिरिटने उतरवून पुन्हा द्यावे लागते. कड उचलली गेली तर कोमट पाण्याचे बोट फिरवून, सरस मऊ करून मेणकागदाखाली दाबायची. मध्ये हवेचा फुगा राहिला तर खवल्याच्या कडेला पात्याने बारीक चीर द्यायची, डॉक्टरी सुईने सरस आत सोडायचा व दाबून ठेवायचे. खवल्यांच्या नक्षीत ती चीर दिसतही नाही.

2016 च्या उन्हाळ्यात असाच एक फुगा घेऊन सुतारबाबांचा सोळा वर्षांचा नातू छपरात आला. धनुष्य त्याच्या वडिलांनी केलेले होते. हा बाबांचा एकुलता मुलगा सहा वर्षांपूर्वी दीर्घ आजाराने वारला होता. तेव्हापासून ते भिंतीवर टांगलेले होते. आता मुलाला ते शिकारीला न्यायचे होते. सुईने सरस भरून द्या, इतकीच त्याची मागणी. बाबांनी फुग्यावरून बोट फिरविले, धनुष्य उजेडाकडे धरले, पुन्हा बोट फिरविले. "हवा दाबली की दबते," ते म्हणाले. "हे दबत नाही."

कातडी काढल्याशिवाय खाली काय आहे ते कळणार नव्हते. मुलाची आई त्याला राजी होईना. पतीच्या हातचे ते शेवटचे काम होते. ते भिंतीवर होते तसेच राहू द्यावे, असे तिचे म्हणणे. तिने आमचे मत विचारले. आम्ही एवढेच विचारले, की तुम्ही घरी नसताना ते भिंतीवरच राहील अशी हमी कोण देईल? नातू आपल्या बुटांकडे पाहू लागला. थोड्या वेळाने तिने मान हलविली.

पॉलिश लाखेचे होते, ते स्पिरिटच्या बोळ्याने सुटले. खरा प्रश्न पुढेच होता. सुतारकामाचा आधुनिक पिवळा गोंद वापरला असता तर कातडी चिंध्या होऊनच निघाली असती. बाबांनी गरम पाण्यात पिळलेले फडके कातडीवर ठेवले आणि वाट पाहिली. काही मिनिटांनी सरसाचा तो ओळखीचा उग्र वास आला. "सरसच आहे," ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसले. बोथट पाते आत सरकवीत, पुनःपुन्हा फडके ठेवीत, तासाभरात वरच्या भुजेची कातडी अखंड निघाली.

खाली गाठीपाशी वलय कापले गेले होते, आणि तेथून सुमारे दीड इंच लांबीची ढलपी उठली होती. बाबांनी भिंग मागितले. चिरेत वाळलेल्या गोंदाची चकचकीत रेघ होती. कातडी चढविण्यापूर्वीच कोणीतरी ती चीर भरली होती. आम्ही काही बोललो नाही. सुनेने विचारले, काय दिसते? बाबा नातवाला म्हणाले, "तुझ्या बापाला हे दिसले होते. एरवी त्याने ही काठी जाळली असती. त्या वेळी त्याच्यापाशी दुसरी करण्याइतके दिवस नव्हते." सून बाहेर गेली, आणि बऱ्याच वेळाने परत येऊन जवळच उभी राहिली.

दुरुस्ती चार दिवस चालली. चिरेत पातळ गोंद मुरवून ढलपी दाबून धरली आणि त्यावर दोन इंच रुंदीत रेशमी धाग्याचे घट्ट वेढे देऊन ते गोंदात भिजविले. मग पोटाकडून लाकूड खरवडत 50 पौंडांचा ताण 38 वर आणला, म्हणजे पाठीवरचा भार तेवढा हलका झाला. जुनी कातडी लावू नये, नवी देतो, असे बाबा म्हणाले, सून ऐकेना. जुनीच पुन्हा भिजवून लावली. पूर्वी कडेबरोबर छाटलेली असल्यामुळे ती वाळताना दोन्ही बाजूंनी दोऱ्याएवढी कमी पडली, आणि पिवळ्या लाकडाची रेघ उघडी राहिली. वेढ्यांचा उंचवटाही कातडीतून स्पष्ट दिसत होता. बाबांनी दोन्ही तसेच ठेवले व वरून लाखेचे चार हात दिले.

पहिले पन्नास ताण त्यांनी धनुष्य खुंटीला अडकवून, दूर उभे राहून दोरखंडाने दिले. आम्ही मोजत होतो. मग त्यांनी ते नातवाच्या हाती दिले आणि वीस पावलांवर गवताचा भारा ठेवला. पहिला बाण भाऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही. दुसरा पोहोचला.